इंगळेकाकांच्या गाडीचा बॅलन्स रॉड

आमच्या शेजारचे इंगळेकाका हॉटेलात शिरले की आधी चहा सांगत नाहीत, आधी खिशातून लेव्हल काढतात. गवंड्याकडे असते तीच. वीतभर पिवळी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. ती टेबलावर ठेवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, नाक टेबलाला टेकेस्तोवर वाकायचं आणि बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आहे का ते पाहायचं. नसला तर टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी. मग लेव्हल पुसून परत खिशात. आणि मगच, "हं, आता आण बे चहा."

एवढं होईपर्यंत माझी भजी थंडगार झालेली असतात.

काका जमीन मोजणीच्या खात्यात होते. सगळी नोकरी लोकांच्या बांधावर उभं राहून गेली. रिटायर झाले, पण डोळा काही रिटायर झाला नाही. "जग तिरपं आहे, गजू," हे ते मला दिवसातून एकदा तरी सांगतात. "कोनाले दिसत नाही, म्हणून चालून राह्यलं."

माझं कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. माझं मशीन तेव्हा रोज कागद गिळायचं. काका सातबाऱ्याच्या प्रती काढायला आले, मशीनवर लेव्हल ठेवली आणि म्हणाले, "काऊन बे, मशीन असं झिंगल्यावानी उभं केलं?" मी म्हटलं, काका, फरशीच तशी आहे. ते बाहेर गेले, एक चपटा दगड घेऊन आले आणि मशीनच्या एका पायाखाली सरकवला. त्या दिवसापासून कागद अडकला नाही. सांगताना जीव जळतो माझा, पण खरंच नाही अडकला. तेव्हापासून काका मला आपला चेला समजतात आणि मी पन्नाशीला आलो तरी चारचौघांत 'बे' म्हणतात.

आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले. आम्ही दोघं भेटायला गेलो. भिंतीवर नवा फोटो, फोटोला हार, खाली उदबत्ती. घरातल्या बाया रडत होत्या. मी रीतीप्रमाणे मान खाली घालून बसलो. वर पाहतो तर काका स्टुलावर! फोटोच्या चौकटीवर लेव्हल ठेवलेली आणि म्हाताऱ्याच्या थोरल्या लेकाला सांगून राहिले होते, "डाव्या अंगानं उचल थोडा. अजून. हां, बस. आता बाबा सरळ झाले." बिचाऱ्यानं मुकाट्यानं उचलला. मी तिथून जो उठलो तो गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन पोट धरून हसलो. असा माणूस बरोबर घेऊन कुठं जायची सोय नाही.

आता काकूंविषयी सांगतो. काकू म्हणजे खमक्या बाई. शिवणकामात पटाईत, गल्लीतलं भांडण मिटवायचं असेल तर आधी त्यांना बोलावणं जातं, आणि काकांच्या लेव्हलला भिणाऱ्यातल्या तर मुळीच नाहीत. एकदा पोळपाटावर लेव्हल ठेवली म्हणून त्यांनी काकांना लाटणं दाखवलं होतं. पण काकूंना गाडी लागते. साधीसुधी नाही. आमचं बुलढाणा वर, मलकापूर खाली आणि मधे राजूर घाट. त्या घाटाच्या दुसऱ्या वळणाला काकूंचा चेहरा पांढरा पडतो, तिसऱ्याला त्या खिडकीबाहेर असतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, लिंबू झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. काही फरक नाही. त्यातून कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं, तेव्हापासून उभ्या उभ्याही गरगरायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नितीनचं लग्न मलकापूरला झालं. मुलगी तिथलीच, पल्लवी. काकू घाट उतरून मांडवात पोचल्या त्या दोघींच्या खांद्यावर हात टाकून. लग्न लागलं तेव्हा त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नंतर ओढून-ताणून बाहेर आणलं, पण अल्बममध्ये एका फोटोत त्यांची मान वर असेल तर शपथ. आणि अशा वेळी बोलणारे कमी नसतात. पंगतीत एक बाई दुसरीला म्हणाली, "नवरदेवाच्या मायले सून पसंत नाही वाटते. तोंड पाह्यलं का तिचं?" हे काकूंनी ऐकलं. पल्लवीनंही ऐकलं. पोरगी चांगली, तिनं कधी विषय काढला नाही. पण काकूंनी घरी आल्यावर सांगून टाकलं, "आता मी हा घाट उतरत नाही." आणि उतरल्याही नाहीत. भाच्याचं लग्न नाही, बहिणीच्या घराची वास्तुशांत नाही. काकाही जात नसत. फोन आला की काकांचं उत्तर ठरलेलं, "काय करता, गाडी कामाले टाकली."

ही गाडी म्हणजे त्यांची जुनी पद्मिनी. बदामी रंग, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा. आता रस्त्यावर शोधून सापडत नाही अशी. मी चिडवायचो, "काका, तुमची गाडी तुमच्यापेक्षा मिस्त्रीच्या घरी जास्त असते." काका हसून घ्यायचे.

यंदा फाल्गुनात पल्लवी माहेरी बाळंत झाली आणि मुलगी झाली. इंगळ्यांच्या घरात पेढे वाटले, मला चार मिळाले. व्हिडिओ कॉलवर पल्लवीनं बाळ दाखवलं तर काकू डोळे मिटून ओरडल्या, "बाई, मोबाईल हलवू नको, मले गरगरते!" मग पल्लवीनं मोबाईल उशीला टेकवून ठेवला आणि काकू अर्धा तास त्या मुटकुळ्याकडे पाहत बसल्या. बारसं बाराव्या दिवशी मलकापूरला ठरलं.

"तुम्ही जाऊन या," काकू म्हणाल्या. "मी नाही येत. पुन्हा तेच ध्यान घेऊन व्याह्यांच्या दारात उभी राहू का? सव्वा महिन्यानं ते पोरीले आणतीनच."

संध्याकाळी काका माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले. लेव्हल काढली नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

"गजू, लग्नात म्हणाले सून पसंत नाही. आता बारशाले ही गेली नाही तर काय म्हणतीन? पोरगी झाली म्हणून आजी आली नाही, असंच म्हणतीन ना?"

मी म्हटलं, म्हणतील.

"आणि ती पोरगी मोठी होऊन ऐकन हे. लोक सोडत नाहीत, ऐकवतात." मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "हिले गाडी लागत नाही बे. गाडी वळणावर झुकते, ते झुकणं हिले लागते. झुकणंच बंद करतो."

आणि मग मला गाडीखाली झोपवून त्यांनी तो बॅलन्स रॉड दाखवला. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक आडवी, वाकवलेली सळई असते. गाडी वळणावर एका अंगाला कलायला लागली की ती पिळली जाते आणि गाडीला परत ओढून धरते. काकांच्या गाडीतली सळई माझ्या अंगठ्याएवढी होती. काकांचं म्हणणं, ही दीडपट जाड बसवली की गाडी वळणावर पाटासारखी चालेल.

खरं तर हे काम युनूसभाईचं. चिखली रोडला त्यांचं गॅरेज आहे आणि जुन्या गाड्यांचं त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही. पण युनूसभाई नेमके भाचीच्या लग्नाला लोणारला गेले होते, चार दिवस येणार नव्हते. बाराव्या दिवसाला चार दिवस कुठून आणायचे? काकांनी मलकापूरच्या भंगारातून कुठल्याशा मोठ्या गाडीचा जाड रॉड आणला. तो लांब होता आणि वाकही वेगळा. मग आमच्या चौकातल्या गेट-ग्रिल करणाऱ्याकडे नेला, लालभडक तापवला आणि हातोड्यानं जुन्या रॉडच्या मापात वाकवला. काका प्रत्येक ठोक्यानंतर लेव्हल लावत होते. रॉड बनला सुरेख, त्यात शंका नाही. बुडबुडा रेघांच्या मधे असा बसला होता की काकांनी मला तीनदा बोलावून दाखवला.

सहाव्या दिवशी चाचणी. काकूंच्या जागी कोणाला बसवायचं? तर मला! कारण काकूंचं आणि माझं वजन सारखं आहे. हे सिद्ध करायला काकांनी मला अडत्याच्या काट्यावर पोत्यांच्या शेजारी उभं केलं होतं. चार शेतकरी भाव काय लागला म्हणून विचारून गेले.

गाडीत लेव्हल डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं आडवी चिकटवलेली. माझ्या हातात वही. प्रत्येक वळणाला काका विचारणार "पोटात काही?" आणि मी लिहायचं. पहिलं वळण: काही नाही. दुसरं वळण: काही नाही. तिसऱ्या वळणाला काका ओरडले, "पळाला! बुडबुडा पळाला!" आणि बुडबुडा जिकडं पळाला त्याच्या उलट त्यांनी स्टिअरिंग ओढलं. गाडीला हिसका बसला. बुडबुडा दुसरीकडे पळाला. काकांनी स्टिअरिंग पुन्हा ओढलं. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं जे शब्द वापरले ते मी वहीत लिहिले नाहीत. पाचव्या वळणाला मी दार उघडून रस्त्याच्या कडेला बसलो. सकाळचे पोहे, मिरचीची भजी, सगळं राजूर घाटाला अर्पण.

काका वरून विचारत होते, "किती आली? काकूएवढी का कमी?"

आयुष्यात मी कोणावर हात उगारला नाही. त्या दिवशी मात्र हात शिवशिवत होते माझे.

परत वर येईपर्यंत गाडी पहिल्यापेक्षा जास्त डुलायला लागली. आठव्या दिवशी युनूसभाई आले. गाडीखाली शिरले, रॉड काढला, एका दोरीला टांगला आणि वर पान्यानं टिचकी मारली. थप्प आवाज झाला. मग जुना बारीक रॉड टांगून मारली, तो टण्णकन वाजला, वाजतच राहिला.

"सुना साहेब?" युनूसभाई म्हणाले. "ये मर गया. स्प्रिंग का लोहा है. इसको आग लगाई तो इसका दम निकल जाता. अब ये रॉड नहीं, खिडकी का गज है."

काका मटकन टायरवर बसले. आठवा दिवस मावळायला आला होता. मी इतका वेळ मनात त्यांना शिव्या देत होतो, पण ते तोंड पाहून शिव्या तिथंच थांबल्या. घरी काकूंनी जुन्या मऊ लुगड्यांचं दुपटं शिवायला घेतलं होतं, नितीनच्या हाती पाठवायला म्हणून. काका म्हणाले, "युनूसभाई, मी चुकलो. पण आता काही करा. बाराव्याले ही तिथं पाह्यजे."

"आपने मेरी राह क्यों नहीं देखी?"

"धीर नाही निघाला."

युनूसभाईंनी कोणाकोणाला फोन लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरहून एसटीच्या टपावरून दुसरा जाड रॉड आला. या खेपेला आग नाही. प्रेसमध्ये, म्हणजे दाबाच्या यंत्रात, धरून थंडाच, थोडा थोडा, दमादमानं वाकवायचा. दोन दिवस ते काम चाललं. एकदा दाब द्यायचा, मोजायचं, पुन्हा जरासा दाब द्यायचा. जोडीला रॉडभोवती घालायचे नवे जाड रबरी बुश आणि रॉड धरून ठेवायला मजबूत पट्ट्या. काका शेजारी उभे राहून लेव्हल काढायला लागले की युनूसभाई नुसती मान हलवायचे आणि काका हात परत खिशात घालायचे. या माणसाला असं कोणाचं ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दहाव्या दिवशी काका काकूंच्या औषधाला गेले होते, मी गॅरेजवर एकटाच बसलो होतो. गप्पांच्या ओघात मी म्हटलं, "युनूसभाई, ही गाडी दोन वर्षं तुमच्याकडेच पडून आहे. तेव्हाच का नाही केलं हे काम?"

युनूसभाईंनी हात पुसले. म्हणाले, "गजूभाऊ, गाडी को कुछ नहीं हुआ था. एकदम टकाटक थी. जिस दिन रिश्तेदारी में शादी रहती, साहेब सुबह गाडी लाके इधर लगा देते. बोलते, रहने दो शाम तक. फिर उस स्टूल पे बैठते. मैं काम करता, वो चाय पीते. फोन आया तो बोलते, गाडी कामाले टाकली."

"पण काऊन?"

"खोटं बोलायचं नव्हतं त्याहिले," युनूसभाई मराठीत म्हणाले. "गाडी गॅरेजमधे आहे म्हणलं तर ती खरंच पाह्यजे ना गॅरेजमधे. काकू काऊन आली नाही, हे कोनी विचारायचं नाही, एवढंच पाह्यजे होतं त्याहिले."

दोन वर्षं मी त्या गाडीवरून या माणसाची टर उडवली होती, चारचौघांत उडवली होती. अशी लाज मला क्वचितच वाटली असेल.

अकराव्या दिवशी रॉड चढला आणि युनूसभाई स्वतः चाचणीला आले. मी मागे बसलो, उपाशीपोटी, तेवढी अक्कल आली होती. पहिल्या वळणाला काकांची नजर लेव्हलवर गेली. युनूसभाईंनी हात पुढे केला, चिकटपट्टी टरकन ओढली आणि लेव्हल आपल्या खिशात टाकली.

"अहो, माही लेव्हल!"

"साहेब, बुडबुडा सिर्फ गाडी झुकने से नहीं भागता. गाडी मोड पे जोर से गई, तो भी भागता. आप उसके पीछे भागते, फिर गाडी उछलती. रॉड अपना काम करेगा. आप रस्ता देखो. और मोड आने के पहले पाय उठाव, मोड के अंदर नहीं."

काका लहान पोरासारखे फुगले. पण रस्त्याकडे पाहायला लागले. आणि खरंच सांगतो, ती गाडी वेगळीच वाटायला लागली. वळणं यायची, जायची, मी सीटवर जिथं होतो तिथंच. खाली पोचलो तेव्हा मला कडकडून भूक लागली होती. राजूरला उतरून मी दोन प्लेट मिसळ हाणली आणि काकांना म्हटलं, "काका, झालं तुमचं काम." काकांनी माझा हात एवढा जोरात दाबला की बोटं दुखली.

काकूंना तयार कसं केलं ते मला माहीत नाही. बाराव्या दिवशी सकाळी त्या हिरवी पैठणी नेसून अंगणात उभ्या होत्या, हातात दुपट्याची पिशवी. नितीन आदल्या दिवशीच पुढे गेला होता. तोंड असं की जणू ऑपरेशनला निघाल्या आहेत. "अवो, पुढं बस," काका म्हणाले. "समोरचा रस्ता पाहत राह्य. मी आहे." मला मागे बसवलं. काऊन, ते मी विचारलं नाही. आधार म्हणून असेल, किंवा त्यांना चेला लागतोच म्हणून.

घाट सुरू झाला. दुसरं वळण आलं. मी मागून काकूंची मान पाहत होतो. मान ताठ. तिसरं वळण आलं, काका वळणाच्या आधीच पाय उचलून असे हळुवार घुसले, की बाजेवरचं झोपलेलं पोरगं उठू नये. तिसरं गेलं. चौथं गेलं. सहाव्याला काकूंनी काच खाली केली. मी म्हटलं, आलं आता! पिशवी, पाण्याची बाटली, टॉवेल, सगळं पुढे केलं.

काकू म्हणाल्या, "पळस काय फुलला आहे बाप्पा! दोन वर्षं मी हा घाट पाह्यलाच नाही."

पुढची वळणं कशी संपली मला कळलीसुद्धा नाहीत. राजूरला सपाटी लागली तशा काकू म्हणाल्या, "आवो, थांबा कुठी. मले भूक लागली."

भूक! मी मागच्या सीटवर टाळ्याच वाजवल्या. आम्ही थांबलो. काकूंनी समोसा खाल्ला, वरून दुसरा अर्धा खाल्ला, मीही हात मारला. काका नुसता चहाचा कप हातात धरून उभे. "खा ना तुम्ही काही," काकू म्हणाल्या. "कालपासून पाहून राह्यले, पोटात अन्न नाही तुमच्या." "मले नको," काका म्हणाले. "तू खा."

मलकापूरला व्याह्यांच्या दारात गाडी थांबली. विहीणबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरची काळजी मला गाडीतून दिसली. काकूंनी दार उघडलं, पदर सावरला आणि हसत उतरल्या. कोणाचा हात धरला नाही. विहीणबाईंनी तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मागे पल्लवी बाळ घेऊन उभी होती. काकू सरळ तिच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "दे इकडे. माही नात माह्याजवळ दे." पल्लवीनं बाळ दिलं आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. दारातल्या सगळ्या बायांनी ते पाहिलं. पंगतीतली ती बाई त्यांत होती की नाही देव जाणे, असली तर बरंच झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी कोणाच्या तरी लेकराच्या गालाचा मुका घेतला, ते रडायला लागलं.

सामान काढायला म्हणून मी गाडीपाशी परत आलो तर काका नाहीत. गाडीच्या पलीकडे पाहिलं. काका नालीच्या काठावर, गुडघ्यावर हात टेकून, वाकलेले. पोटात काही नव्हतंच, नुसता चहा आणि पित्त. तेच उलटून पडत होतं.

"काका!"

"तिले सांगू नको बे," काका धापा टाकत म्हणाले. "म्हणन, गाडी हालली."

मी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत मागून बांगड्या वाजल्या. काकू बाळ पल्लवीकडे देऊन बाहेर आल्या होत्या. त्यांना काही सांगायची गरजच नव्हती. त्यांनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, डाव्या हातानं काकांचं कपाळ धरलं आणि उजव्या हातानं पाठ चोळायला लागल्या. वरून खाली, हळू, एका लयीत. या कामातलं त्यांच्याएवढं कोणाला कळणार?

"होऊ द्या. थांबवू नका. आता चूळ भरा. पाणी गिळू नका लगेच."

काकांनी चूळ भरली आणि तिथंच, गाडीच्या मडगार्डला टेकून, फुटले. पासष्टीचा माणूस लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. "तू हसत उतरली वो," एवढंच पुन्हा पुन्हा. "हसत उतरली तू."

"हाव. उतरली." काकूंचेही डोळे वाहत होते. त्यांनी काकांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "रडा आता चांगलं. दोन वर्षं मी रडले आणि तुम्ही पाहत बसले. आज तुमची पाळी."

मी तिथून निघालो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो, कोणी बाहेर येऊ नये म्हणून. आत पाळणा सजला होता, बाया खोळंबल्या होत्या. विहीणबाई लगबगीनं आल्या, चेहरा उतरलेला. हळूच विचारलं, "काय झालं भाऊ? बाईले पुन्हा गाडी लागली का?"

"नाही वो," मी म्हटलं. "या खेपेला काकांना लागली."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि आत वळून बायांना म्हणाल्या, "पाळणा थांबवा वो थोडा. आजीबाई आपल्या माणसापाशी आहे. येते म्हणा."